डेकखालचा सुकाण्या आणि काठावरचे पंडित

“यंत्राने बोट चालवली, तर त्या मुलींनी केले काय?”

हा प्रश्न विचारणारी मंडळी अडाणी नाहीत, हीच त्यातली खरी दुःखाची गोष्ट आहे. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघीजणी २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ नावाच्या शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ रोजी पुन्हा गोव्यास आल्या. केप ल्यूविन, केप हॉर्न आणि केप ऑफ गुड होप ही तिन्ही टोके त्यांनी शिडाच्या बळावर ओलांडली. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे झळकली आणि त्याबरोबर आमच्या बिबवेवाडीत नौकानयनाचे पंडित जागोजाग उगवले. इथून समुद्र शंभरएक किलोमीटर लांब, मध्ये सबंध सह्याद्री आडवा. पण वाचनालयात, सोसायटीच्या बाकावर, मार्केट यार्डातून भाजीच्या पिशव्या घेऊन परतताना, जो तो हेच सांगू लागला की, “अहो, त्यात ऑटोपायलट असतो. बटण दाबायचे आणि झोपायचे.”

मी शाळेत कार्यानुभव शिकवणारा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. समुद्राविषयी बोलण्याचा मला काडीइतका अधिकार नाही, आणि म्हणून मी समुद्राविषयी बोलणारही नाही. मी बोलणार आहे ते ‘बटण दाबायचे आणि झोपायचे’ या वाक्याविषयी. हे वाक्य खोटे तर आहेच. शिवाय ते आपल्या शिकलेल्या घरांतला एक जुना रोग उघडा पाडते.

प्रथम खोटेपणा पाहू. बोटीवर माणसे दोन आणि दिवस चोवीस तासांचा. शिडे लावणे, उतरवणे आणि फाटली तर शिवणे, दोर तपासणे, नकाशा पाहणे, स्वयंपाक, आजारपण, झोप ही सगळी कामे दोघींनीच करायची. त्यात एकीने सतत सुकाणूच्या चाकापाशी बसून राहायचे म्हटले, तर आठ दिवसांत दोघीही वेड्या होतील. तेव्हा आपोआप सुकाणू धरणारी काही ना काही योजना अशा प्रवासात असावीच लागते, आणि पूर्वीपासून ती असत आली आहे. जोशुआ स्लोकम या खलाशाने १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो जगातला पहिला माणूस. तो काय तीन वर्षे सुकाणू हातात धरून बसला होता? मुळीच नाही. त्याची ‘स्प्रे’ ही बोट अशी समतोल होती की सुकाणू दोराने बांधून ठेवला तरी ती दिवसच्या दिवस आपली दिशा सोडत नसे. ज्याच्यापासून हा सगळा इतिहास सुरू होतो, त्याचाच हात सुकाणूवर नव्हता. मग कोणत्या मर्दुमकीच्या नावाने आपण गळा काढतो आहोत?

पुढे वाऱ्यावर चालणारी सुकाणी आली. बोटीच्या मागच्या बाजूस एक पंख लावायचा. वाऱ्याशी बोटीचा कोन बदलला की पंख कलतो आणि सुकाणू वळवतो. त्याला वीज लागत नाही. मात्र वारा फिरला की बोटही त्याच्यामागे फिरते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ साली मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या सागवानी बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आला, तेव्हा त्याच्यापाशी अशीच योजना होती. ऑस्ट्रेलियाच्या आसपास ती कायमची मोडली. पुढचा सारा प्रवास त्याने शिडांचा तोल साधून आणि सुकाणू बांधून पुरा केला. त्याच शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ पासून पुन्हा गोल्डन ग्लोब शर्यत होऊ लागली. तीत १९६८ सालचीच साधने वापरायची असतात, म्हणून विजेचा ऑटोपायलट चालत नाही. परंतु वाऱ्याचा पंख तिथेही चालतो! हातात चोवीस तास सुकाणू धरण्याची अट त्या कर्मठ शर्यतीनेसुद्धा घातलेली नाही. ती घालतात फक्त बिबवेवाडीतले पंडित.

आता हे डेकखालचे यंत्र म्हणजे आहे तरी काय? मी ते एकदा बसवताना पाहिले आहे. माझा एक जुना विद्यार्थी, गणितात दोनदा नापास झालेला, आमच्या भागातल्या एका लेथच्या गाळ्यात तीन वर्षे राबला आणि मग गोव्यास बोटींच्या कामावर गेला. एका मे महिन्याच्या सुटीत त्याने मला बोलावून घेतले. चाळीसएक फुटांची, हौशी प्रवाशांची शिडाची बोट होती. माझा विद्यार्थी तिच्या मागच्या पोकळीत, जिथे धड बसताही येत नाही अशा जागी, पालथा पडून काम करीत होता. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. त्या पायांशी मी दोन दिवस बसलो आणि शाळेत वीस वर्षांत शिकलो नव्हतो ते शिकलो.

ऑटोपायलट दोन तऱ्हेचे. एक वरचा, स्वस्त. तो चाकाला किंवा सुकाणूच्या दांड्याला बाहेरून जोडतात. लहान बोटीला, शांत पाण्यात तो पुरतो. दुसरा डेकखालचा. त्याचा जोर लावणारा दांडा, ज्याला ती मंडळी रॅम म्हणतात, तो बोटीच्या पोटात असतो आणि थेट सुकाणूच्या उभ्या खांबाला वळवतो. खांबावर त्याच्यासाठी एक वेगळा लोखंडी हात घट्ट बसवलेला असतो. या वेगळेपणातच सारी खुबी आहे. चाकापासून सुकाणूपर्यंत जाणारी तार भर समुद्रात तुटली, तर चाक हातात नुसते गरगर फिरते. परंतु डेकखालचा सुकाण्या त्या तारेवर अवलंबून नसल्यामुळे बोट वळवू शकतो. म्हणजे ज्याला आपण आळशाचे यंत्र म्हणतो, तो वेळप्रसंगी बोटीचा दुसरा हात असतो.

पण केव्हा? नीट बसवला असेल तेव्हा. मोठ्या लाटेत सुकाणू वळवायला कित्येकशे किलोंचा रेटा लागतो. रॅम जितका रेटा सुकाणूला देतो, तितकाच उलटा रेटा तो स्वतः जिथे टेकला आहे त्या जागेला देतो. न्यूटनचा हा तिसरा नियम आमची मुले दर वर्षी तोंडपाठ लिहितात आणि पुरे गुण मिळवतात. माझ्या नापास विद्यार्थ्याने तो हाताने सिद्ध करून दाखवला. रॅमचे बूड पातळ फळीवर ठोकले, तर पहिल्या दिवशी फळी किंचित लवते, आठवड्याने बोल्ट ढिले होतात आणि एका रात्री सगळे उखडून येते. म्हणून त्याने आधी त्या जागी काचतंतूचे थरावर थर देऊन बैठक भक्कम केली, मागून जाड पत्र्याचा आधार दिला, आणि मगच भोके पाडली.

पुढे कोनाची बाब. सुकाणू सरळ असताना रॅम आणि खांबावरचा हात यांच्यात काटकोन हवा आणि रॅम आपल्या धावेच्या अगदी मध्यावर हवा. नाही तर बोट एका अंगाला झटकन वळते आणि दुसऱ्या अंगाला अडते. शिवाय सुकाणूला दोन्ही बाजूंना जे अडसर असतात, ते रॅमची धाव संपण्याच्या आधी लागले पाहिजेत. नाही तर लाटेचा सारा हिसका रॅमवर येऊन तोच मोडतो. हे मोजायला त्याच्यापाशी गुण्या होता, टेप होती आणि खडू होता. माझ्या वर्गात असतो तोच खडू.

होकायंत्राची गंमत तर घरोघरच्या गृहिणींनाही पटेल. यंत्राला दिशा सांगणारे होकायंत्र लोखंडापासून, ध्वनिक्षेपकापासून आणि जाड विजेच्या तारांपासून दूर, शक्यतो बोटीच्या मध्याजवळ बसवतात. सारे चोख बसवले, आणि कुणी हौसेने शेजारच्या कपाटात फराळाचा पत्र्याचा डबा आणून ठेवला, की होकायंत्र बहकते, आणि चकलीच्या डब्यापायी बोट रस्ता चुकते! विजेची तार जाड हवी, कारण लांब आणि बारीक तारेत दाब घटतो. यंत्राला सर्वांत जास्त जोर हवा त्याच क्षणी ते धापा टाकू लागते. शेवटी परीक्षा. धक्क्याला बोट बांधलेली असतानाच यंत्राला ‘उजवीकडे’ सांगायचे आणि सुकाणू खरोखर उजवीकडे जातो का ते वाकून पाहायचे. तारा उलट जोडल्या असतील तर चूक सुधारण्याऐवजी ते ती वाढवत नेते. मग शांत पाण्यात बोटीला सावकाश गोल फेऱ्या घालायला लावायच्या, म्हणजे बोटीतल्या लोखंडाचा होकायंत्रावर किती परिणाम होतो ते यंत्र टिपून घेते.

हे सगळे झाल्यावर बटण येते. पंडितांना फक्त बटण दिसते.

आणि बटण दाबल्यावरही झोप नाहीच. शिडे वेडीवाकडी लावली असतील तर यंत्र बोटीशी झगडत राहते आणि वीज खाते. बॅटरी रिकामी झाली की तेही थांबते आणि दिवेही. शिवाय या सुकाण्याला डोळे नाहीत. त्याला दिशा कळते, समोरचे जहाज कळत नाही. समुद्रावर टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यांतला पाचवा नियम सांगतो की डोळ्यांनी आणि कानांनी पहारा सदैव ठेवलाच पाहिजे. यंत्र लावले म्हणून त्यातून सुटका नाही. यंत्र हात मोकळा करते, डोळा नव्हे.

यंत्र हे मानवाच्या कौशल्याचा शत्रू आहे असे मानणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. निकोलस मिनॉर्स्की नावाच्या, रशियात जन्मून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने १९२२ साली आपोआप वळणाऱ्या जहाजांवर एक निबंध लिहिला. तो लिहिण्यासाठी त्याने कसलेला सुकाण्या काय करतो याचा विचार केला. चांगला सुकाण्या बोट किती ढळली एवढेच पाहत नाही. ती किती वेगाने ढळते आहे आणि किती वेळ ढळलेलीच राहिली आहे, हेही तो हाताने ओळखतो आणि त्याप्रमाणे आधीच सुकाणू सावरतो. मिनॉर्स्कीने हे तीन हिशेब गणितात मांडले. आज कारखान्यांतल्या भट्ट्यांपासून बोटींच्या सुकाणूंपर्यंत असंख्य यंत्रे याच तीन हिशेबांवर चालतात. आमच्या कोकणातल्या तांडेलांना हे गणित कुणी शिकवले नव्हते, परंतु त्यांच्या मनगटात ते होते. यंत्राने खलाशाला हरवलेले नाही. ते त्याचे शिष्य आहे. आणि शिष्य कधी चुकतो हे गुरूलाच समजू शकते.

म्हणून माझे म्हणणे असे की, यंत्र वापरावे की नाही हा वादच पोकळ आहे. खरा प्रश्न एकच. ज्या माणसाने यंत्रावर जीव सोपवला, त्याला ते उघडता येते का? येत असेल तर ते त्याचे चाकर. येत नसेल तर तो त्याच्या बोटीवरचा उतारू, मग गणवेश कुठलाही असो.

याची साक्ष आपल्याच लोकांनी दिली आहे. २०१८ साली सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पहिल्या प्रदक्षिणेवरून परतताना याच ‘तारिणी’च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि तिला मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात थांबावे लागले. दुरुस्ती करून ती मे महिन्यात गोव्यास पोचली. कमांडर अभिलाष टोमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत डोलकाठी मोडून पाठीला जबर इजा झालेला. तोच माणूस २०२२ साली पुन्हा निघाला. वाटेत वाऱ्याच्या सुकाणूचे भाग मोडत गेले, तेव्हा बोटीतल्याच वस्तू कापून त्याने नवे भाग घडवले आणि एप्रिल २०२३ मध्ये तो दुसरा आला. भर दक्षिण महासागरात ‘मिस्त्रीला फोन करा’ म्हणायची सोय नसते.

आणि त्याच्याही आधीची हकीगत आम्हा मराठी माणसांनी तर उशाशी ठेवावी अशी आहे. भारतीय माणसाने एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी घेतला. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा अधिकारी निवृत्तीनंतर राहत होता फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी. तिथूनही समुद्र दिसत नाही! २०१८ साली ते तिथेच वारले. त्यांच्या स्वप्नाची बोट बांधली गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याने, आणि तिचे नाव त्याच नदीच्या वरच्या अंगाचे, ‘म्हादेई’. ती घेऊन कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. परंतु हे गृहस्थ तयार बोटीची किल्ली घेऊन निघाले नव्हते. बोट बांधली जात असताना ते तिच्याबरोबर त्या कारखान्यात होते. तिचे अंग न् अंग त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. हा त्यांचा ऑटोपायलट!

आता रोगाकडे वळू. आपल्या पांढरपेशा घरांत डोके आणि हात यांच्यात एक भिंत आहे. डोक्याने काम करणारा वरचा, हाताने करणारा खालचा. जो पोटावर सरपटत बोटीच्या पोकळीत शिरतो तो ‘मिस्त्री’, आणि जो बाकावर बसून त्याच्या यंत्राची टिंगल करतो तो ‘साहेब’. ज्यांनी मला वर दिलेला प्रश्न विचारला, त्यांपैकी एका सद्गृहस्थांच्या घरी फ्यूज उडाला म्हणजे दोन तास अंधार असतो. ते हसत सांगतात, “आपल्याला नाही बुवा त्यातले कळत.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर शरम नसते, थोडासा अभिमानच असतो. गणित येत नाही असे कुणी अभिमानाने सांगत नाही. मग पेचकस धरता येत नाही हे का सांगावे?

काही जण म्हणतील, मास्तर, श्रमविभाग म्हणून काही आहे की नाही? सगळ्यांनीच मिस्त्री व्हायचे काय? नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो आणि छापखान्याचे यंत्र मला चालवता येत नाही. परंतु मिस्त्री होणे वेगळे आणि मिस्त्रीच्या कामाचा आदर कळण्याइतके आपण हात काळे केलेले असणे वेगळे. ज्याने आयुष्यात एक बोल्ट आवळला आहे, तो ‘बटण दाबायचे आणि झोपायचे’ असे कधीच म्हणणार नाही. त्याला ठाऊक असते की बटणामागे कुणीतरी पालथे पडून दोन दिवस घालवले आहेत.

हा आदर शिकवण्याची जागा शाळा. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हाताच्या कामातून डोके घडवण्यासाठीच. तिच्यातले आज उरले काय? वेळापत्रकात कार्यानुभवाचा एखादा तास. आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताला द्यावा लागतो. “तुमचा काय, रंगीत कागदांचा तास!” असे मला सांगण्यात येते. पालक सभेत येतात. गणिताची विचारपूस होते, इंग्रजीची होते. माझ्या टेबलापाशी येऊन “आमच्या मुलीला करवत धरता येते का?” असे एकाही आईबापाने अजून विचारलेले नाही. आणि तीच मंडळी मुलींनी जगप्रदक्षिणा केल्याचे छायाचित्र आपल्या मुलीला कौतुकाने दाखवतात! नुसत्या छायाचित्राने मुलगी समुद्रावर जात नाही, बाबांनो. आधी तिला पेचकस द्या.

दिवाळीतच पाहा. पुण्यात घराघरांपुढे मुले मातीचा किल्ला करीत. दगड गोळा करायचे, पोती भिजवायची, माती कालवायची, बुरूज ढासळला की पुन्हा लिंपायचा. कपडे खराब होत, आया रागावत. पण तटबंदी कशाने टिकते आणि पाणी कुठून मुरते हे त्या मुलांना बोटांनी कळत असे. आता बाजारात रंगवलेला तयार किल्ला मिळतो. पैसे द्यावेत, गॅलरीत ठेवावा, मावळे मांडावेत. चिखल नाही, कटकट नाही. हाही ऑटोपायलटच म्हणायचा, फक्त हा कुणीच बसवलेला नाही आणि मोडला तर कुणालाच दुरुस्त करता येणार नाही.

तेव्हा वाचकहो, सणाच्या दिवशी कडू बोललो असेन तर फराळाबरोबर गिळून टाका. पण दोन गोष्टी कराच. घरातला बंद पडलेला पंखा किंवा मिक्सर मोडीत देण्याआधी, त्याची पिन भिंतीतून काढून, मुलामुलींपुढे एकदा उघडा. दुरुस्त होईल न होईल. आत काय आहे ते त्यांना दिसू द्या. आणि शाळेच्या पुढच्या सभेत मुख्याध्यापकांना विचारा की, आमच्या मुलांचा कार्यानुभवाचा तास कुठे गेला?

उत्तर देताना ते गोंधळले, तर त्यांना माझ्याकडे पाठवा. करवत, गुण्या आणि खडू माझ्या कपाटात तयार आहेत.